ताकदीची गोळी

हडंब्याचा पट्टा तुटला तेव्हा माझी पाठ त्याच्याकडे होती. हडंबा म्हणजे मळणीयंत्र. आमच्या अमडापूरच्या बाजूला सोयाबीन निघालं की ही यंत्रं ट्रॅक्टरच्या मागं शेताशेतांतून फिरतात आणि प्रत्येक हडंब्यावर पाच-सहा जणांची टोळी असते. तशा एका टोळीत मी होतो. तुटलेला पट्टा कमरेवर असा बसला की मी गंजीत तोंडावर पडलो, नाकातोंडात भुसा गेला, आणि वरून मालक ओरडला, "पट्टा कुठी गेला बे?" माझं काय झालं ते त्यानं पट्टा सापडल्यावर विचारलं.

तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो आणि माझं लग्न ठरलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मला अंथरुणातून उठता येईना. मालकानं चहाबरोबर एक कॅप्सूल हातावर ठेवली. "घे. ताकदीची गोयी हाय." अर्ध्या तासात कंबर दुखायची थांबली. दुपारी मी सोयाबीनचे कवळे, म्हणजे कवेत मावतील एवढे भारे, असे फेकत होतो की बाकीचे हात थांबवून माझ्याकडं बघत राहिले.

टोळीतले सगळेच ती घ्यायचे. हंगामात सकाळी एकमेकांना "गोयी घेतली का?" असं विचारायची आमची रीत होती, जेवलास का विचारावं तशी. फाट्यावरचा मेडिकलवाला चिठ्ठी न बघता द्यायचा. ती दुखण्यावरची गोळी आहे, अफूच्या जातीतली आहे, हे कुणाला ठाऊक नव्हतं आणि ठाऊक करून घ्यायची गरजही वाटत नव्हती. अंग दुखत नाही म्हणजे अंगात ताकद आली, एवढा आमचा हिशोब सरळ होता. या गोळीपायी पुढं माझी बायको वांझ ठरली. ठरवली ती आम्हीच, माणसांनी. गोळीनं कुणावर आळ घेतला नाही.

लग्नाच्या आधी टोळीतल्या सगळ्यात मोठ्या गड्यानं मला बाजूला घेतलं आणि डोळा मारून सांगितलं, "लगन हाय ना तुह्यं? त्या दिवसात दोन घेत जाजो. बाई नाव काढीन." हीसुद्धा आमच्यातली पक्की समजूत. गोळी घेतली की माणूस पलंगावर लवकर हरत नाही. सुरुवातीचे काही महिने ते मला खरंही वाटलं. गोळी अंग बधिर करते, आणि त्या बधिरपणालाच आम्ही दम समजत होतो. असे शहाणे आम्ही.

बायको जळगाव जामोदची, म्हणजे घाटाखालची. आमच्या जिल्ह्यात घाटावरचे आणि घाटाखालचे असे दोन भाग, आणि दोन्हीकडचे लोक एकमेकांची चेष्टा करण्यात आयुष्य काढतात. ती बारावी शिकलेली होती. मी दहावीला गणितात लटकलेला. पहिल्याच महिन्यात ती मला म्हणाली, "तुमच्या घाटावर पानी थंडं अन् मानसं गरम." मी हसलो. तेव्हा मला हसू यायचं. आमची चार एकर भाजीची शेती होती, वांगी, मिरची, कोबी. ती आईबरोबर वाफे खुरपायची आणि संध्याकाळी पायरीवर बसून गावातल्या बायकांचे फॉर्म भरून द्यायची. बाया तिला मानायच्या. तिच्यावर माझा जीव होता, हे पुढचं सगळं सांगायच्या आधी लिहून ठेवतो. त्याचा तिला काही उपयोग झाला नाही.

दोन वर्षांत माझ्यातलं काहीतरी विझत गेलं. आधी मला कळलंच नाही. एकदा दाढी करताना न्हावी म्हणाला, "काय बे, पंधरा दिवसांत एवढीच आली का?" टोळीतले हसले, मीही हसलो. मग थंडीच्या दिवसांत अंगाला दरदरून घाम फुटायला लागला. पोतं पाठीवर घेतलं की मांड्या थरथरायच्या. आणि बायको शेजारी झोपलेली असायची, तिचा हात माझ्या छातीवर असायचा, आणि मला काही म्हणजे काही वाटायचं नाही. भूक नसताना समोर ताट यावं तसं. मी कूस बदलायचो. महिने गेले तसे.

यावर मी काय इलाज केला? गोळ्या वाढवल्या. कारण ती ताकदीची गोळी होती आणि माझी ताकद कमी पडत होती. दोनच्या चार झाल्या, चारच्या सहा. हंगाम नसतानाही. एखाद्या दिवशी चुकली तर नाक गळायचं, अंगावर काटा यायचा, पोटात मुरडा यायचा आणि समोर दिसेल त्याचा गळा दाबावासा वाटायचा. समोर बहुतेक वेळा बायको असायची.

तिसऱ्या वर्षी घरात कुजबुज सुरू झाली. आई तिला अमक्या बाबाकडं घेऊन गेली, तमक्या पाण्यानं आंघोळ घातली, सोमवार धरायला लावले. मग चिखलीच्या डॉक्टरीनबाईकडं. तिथं तिच्या सगळ्या तपासण्या झाल्या, सोनोग्राफी झाली, नळ्या तपासल्या. माझी तपासणी करायचं कुणाच्या मनातही आलं नाही. मला तर पुरुषाची तपासणी असते हेच माहीत नव्हतं. आमच्याकडं पेरलेलं उगवलं नाही की जमिनीला नावं ठेवतात. बियाण्याची पिशवी कुणी पाहत नाही.

मग शेजारच्या घरी बारसं होतं. पाळण्याला हात लावायला बायका पुढं झाल्या, तशी हीही झाली. माझ्या आईनं सगळ्यांदेखत तिचा दंड धरून तिला मागं ओढलं. "तू नोको." एवढंच म्हणाली. मी दारात होतो. पाहत होतो.

घरी आल्यावर ती रडली नाही. पदरानं तोंड पुसून माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "माह्यात काही दोष नाई. डॉक्टरीनबाईनं सांगतलं का नवऱ्याले घेऊन ये. एक खेप चला. मी कोनाले सांगत नाई."

मी तिला मारलं. असं लिहिलं की एका वाक्यात भागतं, म्हणून नीट लिहितो. पहिली चापट मारली तेव्हा तिचं डोकं भिंतीवर आपटलं. ती खाली बसली. मी तिला केसांना धरून उभी केली आणि कानाखाली मारली, मग पुन्हा तिथंच मारली. पायानंही मारलं. "मले दवाखान्यात नेते? मले?" असं ओरडत होतो. तिच्या डाव्या कानातून बारीक रक्त आलं आणि मानेवरून ब्लाउजात गेलं. तेव्हा आई बाहेरून म्हणाली, "पुरे आता, लोकं आयकतात." मी थांबलो. म्हणजे थांबता येत होतं.

त्या दिवसापासून तिला डाव्या कानानं ऐकू येत नाही. कुणी बोललं की ती मान वळवून उजवा कान पुढं करते. त्यानंतर मी तिला कितीदा मारलं ते सांगता येणार नाही. भाजीत मीठ जास्त, मीठ कमी, पाणी आणायला उशीर. एकदा हातात कुदळीचा दांडा होता. तिचं करंगळीचं बोट वाकडं बरं झालं. कारणं शोधायला मला कष्ट पडत नव्हते. खरं कारण एकच होतं. तिच्यासमोर मी गडी राहिलो नव्हतो, ते तिला माहीत होतं, आणि तिनं ते एका अक्षरानं कधी बोलून दाखवलं नव्हतं. तिचं गप्प राहणं मला सोसत नव्हतं.

चौथ्या वर्षी माझ्या बापानं निर्णय घेतला. आमच्या घरात बाप बोलला की विषय मिटतो. आता साठीचा झाला तरी त्याच्या पंजात माझं मनगट मावतं. "फारकत घ्या," तो जेवताना म्हणाला. "लोणारकडची एक पोरगी हाय पाहून ठेवलेली. सोयाबीनचा हंगाम झाला का बैठक बसवू." फारकत म्हणजे दोन्हीकडच्या चार माणसांत बसून स्टॅम्प पेपरवर लिहून दिलेला काडीमोड. कायद्यात त्याला किती किंमत आहे हे कुणी विचारत नाही. बायको तेव्हा भाकरी थापत होती. तिच्या उजव्या कानाला ते नक्की ऐकू गेलं. तिनं तव्यावरची भाकरी उलटली.

आता फारकतीच्या कागदात मूल होत नाही असं लिहिलं, की जळगाव जामोदपर्यंत ती वांझ म्हणून परत जाणार होती. आमच्यात अशा बाईला पुढं दोन पोरांचा बिजवर नाहीतर भावाच्या गोठ्यातलं शेण, एवढंच उरतं. हे मला माहीत होतं. आणि मला हायसं वाटलं होतं. माझी गोष्ट तिच्याबरोबर घाट उतरून जाणार होती. असा होतो मी.

हंगामाच्या शेवटच्या आठवड्यात, भर दुपारी, मी हडंब्याच्या तोंडाशी कवळे सारत होतो. त्या दिवशी सकाळपासून दहा गोळ्या झाल्या होत्या. एवढंच आठवतं की पातं फिरल्याचा आवाज एकदम दूर गेला. मला झटका आला. टोळीतल्या गड्यानं पुढं सांगितलं, की माझे दोन्ही हात आत जायला वीतभर अंतर होतं, त्यानं मला शर्टाच्या कॉलरला धरून मागं फेकलं, आणि मी जमिनीवर टाचा घासत, तोंडातून फेस आणि रक्त काढत पडून राहिलो. जीभ चावून अर्धी तुटली होती. मालक म्हणाला, "याले उचला बाजूले, मशीन बंद करू नोका."

बुलढाण्याला एका डॉक्टरांकडं नेलं. जिभेला टाके पडले. दुसऱ्या दिवशी डॉक्टर माझ्या खाटेपाशी खुर्ची ओढून बसले. चष्म्याआडून बराच वेळ माझ्या तोंडाकडं, छातीकडं पाहिलं. रोज किती गोळ्या घेता, किती वर्षं, असं विचारलं. मग म्हणाले, "मुलं किती?"

मला बोलता येत नव्हतं म्हणून मी नकारार्थी मान हलवली.

त्यांनी रक्त तपासायला पाठवलं. वीर्यही तपासायचं म्हणाले आणि एका माणसानं मला डबी देऊन संडासाशेजारच्या खोलीत पाठवलं. अर्धा तास मी तिथं होतो. काही झालं नाही. बाहेर दोन जण रांगेत उभे होते, त्यातला एक दार वाजवत होता. मी ती डबी भिंतीवर फेकली, बेसिनवरचा आरसा कोपरानं फोडला आणि रक्ताळल्या हातानं बाहेर आलो. दार वाजवणारा दोन पावलं मागं सरकला. डॉक्टरांनी हाताला पट्टी बांधली आणि आरशाबद्दल चकार शब्द काढला नाही. त्यामुळं मला आणखीच राग आला.

रक्ताचा कागद आला तेव्हा त्यांनी समजावून सांगितलं. मेंदूच्या तळाशी एक छोटी जागा असते. तिथून दीड-दोन तासांनी एक ठोका पडतो, म्हणजे एक द्रव्य सुटतं. त्या ठोक्यावर तिथलीच एक ग्रंथी रक्तात दोन निरोप धाडते. ते निरोप खाली वृषणांपर्यंत पोचले की तिथं पुरुषाचं हार्मोन तयार होतं आणि बीज तयार होतं. अफूच्या जातीतली गोळी रोज पोटात गेली की वरचा तो ठोकाच दबून जातो. निरोप सुटत नाही. खालचं काम थांबतं. इच्छा जाते, दाढी विरळ होते, अंगातलं बळ जातं, घाम फुटतो, मूल होत नाही.

माझा चेहरा बघून ते म्हणाले, "शेतात मोटर आहे ना तुमच्या? मोटर जळलेली नाही. डीपीवरून लाईनच येत नाही."

डीपी म्हणजे शिवारातला विजेचा ट्रान्सफॉर्मर. हे मला लगेच समजलं. जिल्ह्यातल्या कुणालाही समजलं असतं.

"लाईन येईन का परत?" मी तोतऱ्या जिभेनं विचारलं.

"गोळी सुटली तर बऱ्याच जणांची येते. काही महिने लागतात. वचन देत नाही. आणि एकदम बंद करू नका, मी सांगतो तशी उतरवत आणायची." मग त्यांनी बायकोचे कागद मागवायला सांगितले आणि उठता उठता म्हणाले, "चिडचिड होत असेल, मन उदास राहत असेल. तेही यात होतं."

हे शेवटचं वाक्य मी उचललं आणि जपून ठेवलं. म्हणजे मी मारलं नव्हतं. गोळीनं मारलं होतं! बुलढाण्याहून चिखलीपर्यंत एसटीत मी तेच घोकत आलो.

फाट्यावर उतरलो तो थेट मेडिकलमध्ये गेलो. दुकानदार साठी उलटलेला, काडीपैलवान, दम्याचा माणूस. मी काउंटरवरून त्याला गळ्याला धरून बाहेर ओढला. बरण्या पडल्या, काचा झाल्या. त्याचा चष्मा मी पायाखाली चिरडला आणि त्याच्या तोंडावर बुक्क्या मारल्या. त्याच्या कवळीचा तुकडा निघून रस्त्यावर पडला. लोक जमले, कुणी मध्ये पडलं नाही. तो रस्त्यावर बसून रक्त थुंकत म्हणाला, "मले काऊन मारतं बे? मी एक देत होतो. तू म्हने दे आनखी, दे आनखी." त्याचाही दोष होताच, आजही म्हणतो. पण त्याच्या तोंडातून निघालेलं ते खरं होतं, म्हणून मी आणखी एक लाथ घातली.

डॉक्टरांचं न ऐकता मी गोळ्या एकदम बंद केल्या. मला वाटलं, गडी माणूस आहे, दोन दिवस सोसेन. आठ दिवस नरक होता. हाडांत कुणी खिळे ठोकतंय असं दुखायचं. जुलाब, उलट्या, अंगाला सुटलेला काटा, पायांची तडफड. बापानं दारातून पाहिलं आणि म्हणाला, "नाटकं." बायको रोज चादरी धुवायची, बादली नेऊन टाकायची, कपाळ पुसायची. चौथ्या दिवशी तिनं भाताची पेज आणली. वास आला म्हणून मी वाटीला लाथ मारली. गरम पेज तिच्या मनगटावर सांडली आणि कातडी फुगून आली. तिनं मनगट पाण्यात बुडवलं, फरशी पुसली आणि पुन्हा पेज घेऊन आली. रक्ताचा कागद तेव्हा माझ्या गादीखाली होता. मी कुणालाही दाखवला नव्हता. बैठक दहा दिवसांवर आली होती.

त्या दहा दिवसांत मी रोज ठरवायचो की सांगायचं, आणि रोज बापाच्या चपला दारात दिसल्या की गिळून टाकायचो.

बैठक आमच्या घरापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसली, जिथं आम्ही कोबीची पोती रचतो. सकाळचे दहा वाजले होते. तिचा भाऊ जळगाव जामोदहून आला होता, माझ्याच वयाचा. गावातला एक म्हातारा होता, जो अशा सगळ्या बैठकांना असतो. माझा बाप होता. स्टॅम्प पेपर आधीच लिहून आणला होता. ती घराच्या उंबऱ्याशी बसली होती, उजवा कान आमच्याकडं करून.

म्हाताऱ्यानं कागद वाचला. मूल होत नसल्याकारणानं उभयतांच्या राजीखुशीनं, वगैरे. तिचा भाऊ म्हणाला, "तिचे रिपोट म्या पाह्यले. तिच्यात काही नाई. तुमच्या पोराले दाखवलं का कवा?"

बाप हसला. "माह्या पोराले? दाखवायचं? अरे, वांझ गाय गयात बांधली तुमी आमच्या, वरतून तोंड करून बोलता?"

भाऊ उठला तो बापाच्या अंगावरच गेला. बंडी टराटरा फाटली. खुर्ची आडवी झाली, दोघं कोबीच्या पोत्यांवर पडले, बापानं त्याला खाली घेऊन त्याचा गळा धरला आणि डोकं जमिनीवर आपटायला लागला. भावाचे डोळे पांढरे झाले. म्हातारा नुसता "अरे, अरे" करत होता. ती उंबऱ्यावरून धावत आली, बापाच्या पाठीवर हात मारायला लागली, तसा बापानं मागं न बघता कोपर हाणला. तो तिच्या तोंडावर बसला.

मी ओरडलो, "माह्यात हाय दोष! माह्यात हाय! माह्याजवय कागद हाय!"

बापाची पकड सुटली. भाऊ खोकत कुशीवर वळला. मी आत जाऊन गादीखालचा कागद आणला आणि म्हाताऱ्याच्या हातात दिला. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. गोळी, ठोका, निरोप, हार्मोन, डीपीची लाईन. सांगताना मी रडत होतो. बापानं पायातली चप्पल काढली आणि मला मारायला लागला. तोंडावर, डोक्यावर, जिभेची जखम पुन्हा उघडेपर्यंत. "हिजडा! नाक कापलं माह्यं!" मी हात खाली सोडून उभा राहिलो. त्याचा हात दुखला तेव्हा तो थांबला.

मग जे झालं ते मला आजही पचत नाही. सगळे एकदम मवाळ झाले. म्हातारा म्हणाला, "हे तं औषधानं बरं होनारं हाय. डॉक्टर म्हंते ना लाईन येते परत. मंग फारकतीची गरजच काय?" तिचा भाऊ गळा चोळत म्हणाला, "असं असन तं आमचं काही म्हननं नाई. ताई, दोन-चार महिने पाह्य. पोरगं झालं का समदं विसरशीन." बापसुद्धा गप्प बसला, म्हणजे कबूल झाला. दोषच हलला तर बाई पुन्हा कामाची ठरली होती. म्हाताऱ्यानं स्टॅम्प पेपर फाडायला घेतला.

"फाडू नोका," ती म्हणाली.

तिचा ओठ सुजला होता. ती शेडच्या मधोमध उभी होती. "मले ठाऊक होतं. हे आजारी होते तवा गादी बदलताना वाचला म्या तो कागद. वाट पाहून राह्यली होती, स्वतःच्या तोंडानं कवा सांगतात म्हनून. आज सांगतलं, चांगलं झालं. आता त्या फारकतीच्या कागदावर लिहा का दोष माह्यात नाई. अन् फारकत द्या मले."

"पागल झाली का तू?" भाऊ म्हणाला.

आणि मी, तोंडातून रक्त गळत असताना, माझं जपून ठेवलेलं वाक्य बाहेर काढलं. तिच्यापुढं हात जोडले. म्हणालो, "डॉक्टरनं सांगतलं मले. ते हार्मोन कमी झालं का मानूस चिडते. म्या तुले मारलं, ते म्या नाई मारलं. त्या गोयीनं झालं. आता गोयी सुटली. आता नाई होनार."

तिनं मान वळवून उजवा कान माझ्याकडं केला होता. सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "गोयीनं अंगातली ताकद गेली म्हंता ना तुमी? पोतं उचलत नोहतं. बायकोजवय जाता येत नोहतं. मंग मले मारायची ताकद कुठून येत होती?"



मला उत्तर माहीत होतं. त्या चार वर्षांत मालकानं मला आईवरून शिव्या दिल्या, मी त्याच्यावर कधी हात उचलला नाही. बापानं आत्ता सगळ्यांदेखत चपलेनं झोडपलं, माझा हात जागचा हलला नव्हता. गोळी बंद करून चार दिवस झाले होते, पोटात तिचा कण गेला नव्हता, तरी गरम पेज तिच्याच मनगटावर गेली होती. हात कुणावर उचलायचा आणि कुणावर नाही, हे मला प्रत्येक वेळी बरोबर समजत होतं.

"ताकद माहीच होती," मी म्हणालो.

तिनं मान डोलावली. म्हाताऱ्यानं कागदावरची 'मूल होत नसल्याकारणानं' ही ओळ खोडली आणि तिथं काय लिहू म्हणून माझ्याकडं पाहिलं. मी पेन घेतला आणि माझ्या हातानं लिहिलं, की मी माझ्या बायकोला मारत होतो, तिच्यात काही दोष नाही. बाप उठून निघून गेला. मी खाली सही केली. मग तिनं केली.